तु वर भार नाही

कुंभोजकर बाई म्हणाल्या,
जोडाक्षर आलं की मागचं अक्षर जड होतं.
सत्य : स वर भार. रस्ता : र वर.
चप्पल, मी हळूच म्हटलं. च वर.
पोरी फिदीफिदी हसल्या.
बाईंनी फळ्यावर चप्पल लिहिलं
आणि च च्या डोक्यावर
गुरूची आडवी रेघ ओढली.

दर वेळी नव्हे पण, खडू झटकत त्या म्हणाल्या.
गुऱ्हाळ म्हणून बघा. तुझ्या म्हणून बघा.
जोडाक्षर आहे, तरी तु वर आघात येत नाही.
तो लघुच राहतो.
डोळ्यांनी मोजाल तर चुकाल.

सुभाषनगरात आमच्या दाराशी
कातडं भिजत पडलेलं असायचं
आणि आबा तळ ठोकत बसायचा.
एक ठोका हलका, जागा बघायला,
एक जड, बसवायला.
लगा लगा लगा लगा,
मी वहीच्या मागच्या पानावर मोजायचे,
मध्येच तो विडी पेटवायचा, तिथं यती.

त्याचा डावा पाय लहानपणी तापात गेलेला.
रात्री गंगावेशीकडनं यायचा तेव्हा
माणसाआधी चाल यायची गल्लीत :
डावा, टेकला न टेकल्यासारखा,
मग उजवा. धप्प.
(ध वर भार.)

गिऱ्हाइकाला करकरणारा जोड हवा असायचा,
गल्लीच्या तोंडाशी असतानाच घरात कळावं, असा.
एकच पाय जास्त वाजतोय म्हणून
शिरोळचा कुणी भांडायला आला, तर आबा म्हणायचा,
पायताण बरोबर हाय पावणं,
चालच तसली हाय तुमची.

ते लगु-गुरू म्हंजे काय असतंय गं?
मी सांगितलं. आरी थांबवून त्यानं ऐकलं सगळं.
म्हंजे मी जलमभर कवितेत चालतोय म्हण की,
म्हणाला, आणि दोरा दातानं तोडला.

पुण्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले,
आवाज चांगला आहे, पण हेल काढून बोलतेस.
काढ तो.
काढू की काढून टाकू, मला कळेना.
आमच्याकडं वाक्य संपताना शेवटचा स्वर
उतारावर सायकल सोडावी तसा जातो, लांब.
त्यात मी भाषणात म्हणाले होते, मी जातो.
बाई असून.
आई तसंच म्हणते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या
तसंच म्हणत कामाला जातात.

सहा महिने आरशासमोर बसून
वाक्यांची टोकं रापीनं तासल्यासारखी तासली.
सुट्टीत घरी आले, आबाला विचारलं,
जेवलास का रे?
तो दाराकडं बघायला लागला.
कुणाशी बोलतीयास? म्हणाला. मी हितंच हाय.

आता मी वृत्तं शिकवते.
दाराआड त्याचा स्वतःचा जोड अजून आहे,
न करकरणारा.
उजव्याचा तळ टाचेशी पार झिजलेला.
डावा नवाच दिसतो.
भावानं दोनदा उचलला टाकायला,
दोनदा मी काही बोलले नाही
आणि त्यानं तो परत ठेवला.

काल वर्गात गुऱ्हाळ झालं, तुझ्या झालं.
मागच्या बाकावरच्या परशराम हेरवाडेनं विचारलं,
मॅडम, आपण मुद्दाम जोर दिला तर?
तु वर?

मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं.
तुझ्या आरीची मूठ.
तुझ्या पायाचं माप.
तुझ्या, तुझ्या,
डावा टेकतोय की नाही कळेना.

नाही होत गुरू, म्हणालो.
म्हणालो.
ओ इतका लांबला की खिडकीशी बसलेल्या पोरी
वळून बघायला लागल्या.
मी फळ्याकडं तोंड केलं
आणि तु वर, चूक आहे हे माहीत असून,
रेघ ओढली.